वांगणीचा रिकामा कॅमेरा

बेलवलीत राहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने कर्जतकडे जाणारी लोकल ही कामाची गाडी नव्हे. आमचे सारे व्यवहार उलट दिशेला चालतात : अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण आणि तिथून मुंबई. बदलापूरच्या फलाटावर सकाळी जी गर्दी उभी असते तिचे तोंड मुंबईकडे असते. कर्जतची गाडी तिच्या पाठीमागून निघून जाते. त्या गाडीचे पुढचेच स्टेशन वांगणी. भारतीय चित्रपटाच्या इतिहासात या लहानशा स्टेशनाला एक जागा आहे, हे मला फार उशिरा कळले. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाचे बाह्यचित्रण वांगणीला झाले, असे फाळक्यांच्या चरित्रांतून सांगितले जाते. रोज ज्या रुळांच्या आवाजाने आपली झोप चाळवते, त्याच रुळांवरून एकदा अयोध्येचा राजा आपली राणी, पुत्र आणि विश्वामित्र यांना घेऊन उतरला होता, हे कळल्यावर एका रविवारी मी फलाटाची दिशा बदलली.

चित्रपटातले काल्पनिक जग जिथे उभे केले गेले ती जागा पाहायला जाणे ही आता जगभर रुळलेली गोष्ट आहे. न्यूझीलंडमध्ये मातामाता गावाजवळ एका कुटुंबाचे मेंढ्यांचे कुरण आहे. टॉल्किनच्या कादंबऱ्यांवरील चित्रपटांसाठी १९९८ साली दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी ते निवडले आणि १९९९ मध्ये तिथे हॉबिटांचे गाव उभे राहू लागले. पहिल्या चित्रपटत्रयीसाठीची घरे तात्पुरती होती, चित्रण संपताच मोडून टाकण्यासाठीच बांधलेली. परंतु लोक येऊ लागले. पुढे ‘द हॉबिट’च्या वेळी तेच गाव टिकाऊ सामानाने पुन्हा बांधले गेले आणि आज ते मोठे पर्यटनस्थळ आहे. लंडनजवळ लीव्ह्सडेनला हॅरी पॉटर चित्रपटांचे सेट २०१२ पासून लोकांना पाहण्यासाठी खुले आहेत. किंग्ज क्रॉस स्टेशनात भिंतीत अर्धी घुसलेली सामानाची ढकलगाडी आहे, तिथे ‘पावणेदहा’ नंबरच्या फलाटाची पाटी आहे आणि तिच्याजवळ छायाचित्रासाठी रांग लागते. प्रत्यक्ष चित्रण झाले ते चार आणि पाच नंबरच्या फलाटांवर. रांगेतल्या कुणालाही त्याचे सोयरसुतक नसते.

हे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते. माणसे तिथे पुरावा शोधायला जात नाहीत, हे त्यातून स्पष्ट होते. मग ती काय शोधतात? जे कधी घडलेच नाही, त्याच्या घटनास्थळी उभे राहण्यात कोणते समाधान असते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी न्यूझीलंडपर्यंत जाण्याची गरज नाही. आपल्याकडे अद्भुताचे चित्रण सुरू झाले ते एका रेल्वे स्टेशनावरच्या अटकेने, आणि ते स्टेशन आमच्या शेजारचे आहे.

फाळक्यांची कथा वाचकांना ठाऊक आहे, म्हणून येथे ती थोडक्यातच. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेला हा माणूस छायाचित्रण, मुद्रण, जादूचे प्रयोग अशा अनेक वाटांनी फिरला होता. लोणावळ्याच्या राजा रविवर्मा यांच्या छापखान्याशीही त्याचा संबंध आला होता. ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक चित्रपट पाहून राम आणि कृष्ण पडद्यावर आणण्याचा ध्यास त्याने घेतला. १९१२ मध्ये लंडनला जाऊन तो कॅमेरा घेऊन आला. भांडवलासाठी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले. दादरला बंगल्याच्या आवारात सेट उभा राहिला. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. दत्तात्रय दामोदर दबके हरिश्चंद्र झाले होते, उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले होते आणि फाळक्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला होता. ज्या रस्त्यावर हे सारे घडले, त्याला आज फाळक्यांचे नाव आहे.

दादरचा सेट आणि वांगणीचे रान ही या चित्रपटाची दोन अंगे आहेत, आणि त्यांतला फरक साधा नाही. दादरला जे उभे राहिले ते रंगवलेले पडदे आणि लाकडी महिरपी, म्हणजे नाटकाच्या रंगभूमीची आणि रविवर्म्याच्या चित्रांची वारसदार असलेली अयोध्या. ती प्रेक्षकांच्या ओळखीची होती. आदल्याच वर्षी, मे १९१२ मध्ये, रामचंद्र गोपाळ तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ त्याच कॉरोनेशनमध्ये दाखवला गेला होता. पण ते मुख्यतः एका नाटकाचे चित्रण होते. फाळक्यांनी वेगळे काय केले, याचे एक उत्तर वांगणीत आहे. त्यांनी पुराणकथेला रंगलेल्या पडद्यापासून सोडवून मातीवर उभे केले. नाटकात राजा वनात जातो तेव्हा पडदा बदलतो. वांगणीला राजाच वनात गेला.

हे शक्य झाले ते रेल्वेमुळे. कल्याणपासून बदलापूर, नेरळमार्गे खोपोलीकडे जाणारा लोहमार्ग १८५६ सालचा. म्हणजे फाळके इथे उतरले तेव्हा या रुळांना अर्धशतक होऊन गेले होते. दादरहून सकाळी निघून माणसे, पोषाख आणि यंत्र घेऊन जाता येईल असे रान या मार्गाने हाताशी आणून ठेवले होते. त्रेतायुगात जायचे तर ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे तिकीट काढावे लागे, असे म्हटले तर ती केवळ कोटी ठरणार नाही.

आता तो प्रसंग. चरित्रांत तो असा येतो : आपण येईपर्यंत स्टेशनातच थांबा, असे फाळक्यांनी मंडळींना सांगितले होते. मंडळी उतरली. त्यांच्याजवळच्या ढाली, तलवारी, गदा आणि मुकुट गावकऱ्यांच्या नजरेस पडले आणि गावात दरोडेखोर आल्याची वर्दी पाटलाकडे गेली. पाटील आणि हवालदार धावत आले. आम्ही हरिश्चंद्र राजाच्या चित्रपटात कामे करणारे लोक आहोत, हे मंडळींचे सांगणे पाटलाला पटेना. सामान उघडून पाहिल्यावर तर संशय वाढलाच आणि सगळ्यांना अटक झाली. फाळके आले, तेव्हा त्यांनी समजावून पाहिले. अखेर त्यांनी फिल्म न घालताच कॅमेरा उभा केला, नटांना एक प्रवेश करायला लावला आणि चित्रण करत असल्याचा अभिनय केला. ते पाहिल्यावर पाटलाची खात्री पटली आणि मंडळी सुटली.

हा प्रसंग बहुधा ग्रामीण भाबडेपणाचा विनोद म्हणून सांगितला जातो. मला तो तसा वाटत नाही. मुकुट आणि गदा त्या काळच्या गावकऱ्याला नव्या नव्हत्या. सोंगे, दशावतार, कीर्तनातली आख्याने, जत्रेतले खेळ यांतून देव, दैत्य आणि राजे त्याच्या भेटीला येतच होते. मुकुट घातलेला माणूस कसा ओळखावा हे तो जाणत होता. पण त्या ओळखीच्या काही अटी होत्या. सोंगाला वेळ लागते, जागा लागते, वाद्य लागते आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बघणारा लागतो. भरदिवसा, स्टेशनावर, कुणीही बघत नसताना माणसे मुकुट आणि तलवारी घेऊन बसली आहेत, याचा त्याच्या जगात एकच अर्थ निघत होता. प्रेक्षकाशिवायचे सोंग म्हणजे फसवणूक. पाटलाची शंका अडाणीपणाची नव्हती. नाट्यव्यवहाराच्या नियमांशी ती पूर्ण सुसंगत होती. जो प्रेक्षक तिथे नाही, जो काही महिन्यांनी गिरगावात अंधाऱ्या खोलीत बसणार आहे, त्याच्यासाठी इथे सोंग घ्यायचे, ही कल्पनाच नवी होती.

तिला शब्दही नव्हता. चित्रपटात काम करतो असे सांगणे त्या काळी कमीपणाचे होते, म्हणून कुणी विचारले तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत असे सांगा, अशी सूचना फाळक्यांनी आपल्या माणसांना दिल्याची आठवण प्रसिद्ध आहे. परेश मोकाशी यांच्या २००९ सालच्या चित्रपटाचे नाव त्यावरूनच आले. दादरला हे उत्तर चालून जाई, कारण मुंबईत फॅक्टरी म्हणजे काय ते सर्वांना माहीत होते. वांगणीच्या फलाटावर ते कसे चालावे? ‘चित्रपट’ हा शब्द मराठीत रंगवलेल्या पटासाठी जुनाच. फाळक्यांनी १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ मासिकात ‘भारतीय चित्रपट’ या शीर्षकाने लेख लिहिले, त्या सुमारास तो नव्या अर्थाने रुजत होता. एखादी कला जन्मते तेव्हा तिचे पहिले भांडण भाषेशी असते, याचे याहून नेमके उदाहरण मला ठाऊक नाही. सांगता आले नाही, म्हणून करून दाखवावे लागले.

आणि जे करून दाखवले त्यात फिल्म नव्हती! इथे हा प्रसंग अर्थपूर्ण होतो. पाटलाने जे पाहिले ते कुठल्याच पडद्यावर कधी आले नाही. त्याने कथा पाहिली, ती घडवण्याची क्रिया पाहिली आणि त्यावर विश्वास ठेवला. चित्रपटस्थळाला भेट देणारा आजचा प्रवासी नेमके हेच करत असतो. मातामाताच्या कुरणावरच्या गोल दारामागे कुणी हॉबिट राहत नाही, हे त्याला माहीत असते. त्या दारासमोर तो उभा राहतो तेव्हा कुठलाही कॅमेरा चालू नसतो. रिकाम्या कॅमेऱ्यासमोर उभे राहून तो त्या जगावर पुन्हा एकदा विश्वास ठेवून पाहतो. वांगणीचा पाटील हा आपल्याकडचा असा पहिला प्रवासी, आणि त्याला तर प्रवासही करावा लागला नाही.

याच वास्तव्यातला दुसरा प्रसंग विनोदाला वाव देत नाही. खेळताना भालचंद्र खडकावर पडला, डोक्याला मार लागला, रक्त आले. मुलाला मुंबईला नेऊ, चित्रण पुढे ढकलू, असे मंडळींनी सुचवले. त्या दिवशी ठरलेले दृश्य होते रोहिदासाच्या चितेचे. मुलगा शुद्धीवर नव्हता. फाळक्यांनी ते दृश्य त्याच अवस्थेत उरकले, असे चरित्रे सांगतात. ध्येयनिष्ठेचे उदाहरण म्हणून ही हकिकत वर्षानुवर्षे सांगितली गेली आहे.

मला ती वाचताना दरवेळी अस्वस्थ व्हायला होते. हरिश्चंद्राची कथा काय आहे? सत्यासाठी राजा राज्य देतो, पत्नी आणि मुलगा विकतो, आणि स्मशानात स्वतःच्याच मुलाच्या प्रेतापुढे कर मागण्याची वेळ त्याच्यावर येते. कथेत शेवटी देव प्रकट होतो, मुलगा उठतो, सारे परीक्षेसाठी होते असे सांगितले जाते. ज्याच्या ध्येयासाठी बायकोचे दागिने गहाण पडले आणि ज्याचा बेशुद्ध मुलगा चितेवर निजवला गेला, तो निर्माता ही कथा केवळ चित्रित करत नव्हता, ती पुन्हा जगत होता. फक्त देव प्रकट होईल याची हमी त्याच्यापाशी नव्हती. मुलगा बरा झाला म्हणून आपण आज ही हकिकत कौतुकाने सांगू शकतो. सरस्वतीबाईंनी त्या दिवशी काय म्हटले असते, हा प्रश्न कथेतल्या तारामतीइतकाच अनुत्तरित राहतो. सेट पाहायला जाणाऱ्याने या प्रश्नाकडे पाठ फिरवू नये. अद्भुत जगाच्या पडद्यामागे माणसांची शरीरे कष्टत असतात, आणि कधी कधी रक्ताळतात.

मग वांगणीची ती दृश्ये आज पाहायला मिळतात का? इथे इतिहास आपल्याला आणखी एका रिकाम्या कॅमेऱ्यापुढे उभे करतो. ‘राजा हरिश्चंद्र’ चार रिळांचा होता, सुमारे ३,७०० फूट. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या संग्रहात त्यातली पहिली आणि शेवटची रिळे आहेत, असे दीर्घकाळ मानले गेले. परंतु फाळक्यांनी हीच कथा १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केली होती, आणि जे उरले आहे ते १९१३ चे नसून या दुसऱ्या आवृत्तीचे असावे, असे काही अभ्यासकांचे मत आहे. तोवर फाळके नाशिकला स्थिरावले होते; तिथेच त्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’ आणि ‘लंकादहन’ केले, ‘कालिया मर्दन’मध्ये मुलगी मंदाकिनी हिला कृष्ण केले. म्हणजे राजाने मुलाला धनुर्विद्या शिकवण्याचे, शिकारीचे जे दृश्य आपण आज बघतो, त्याच्यामागचे रान कोणते, हे खात्रीने सांगता येत नाही. वांगणीजवळ कथा आहे पण चित्र नाही. संग्रहालयाजवळ चित्र आहे पण त्याचे गाव निश्चित नाही.

मराठी साहित्याच्या अभ्यासकाला अशा वेळी महानुभावांची आठवण व्हावी. श्रीचक्रधरांच्या लीळा म्हाइंभटांनी गोळा केल्या, पण पंथीयांचे समाधान तेवढ्याने झाले नाही. लीळा जिथे घडली ते ठिकाण कोणते, देवळाच्या कुठल्या बाजूला, किती अंतरावर, याचीही नोंद त्यांना हवी होती. त्यातून चौदाव्या शतकात ‘स्थानपोथी’ सिद्ध झाली. जगातल्या कुठल्याही स्थळसूचीला हेवा वाटावा अशी तिची शिस्त आहे. स्वामी नाहीत, पण स्वामी बसले ती जागा आहे. तिथे ओटा बांधायचा, वंदन करायचे, आणि लीळा आठवायची. जागा लीळेची आठवण धरून ठेवते आणि लीळा जागेला अर्थ देते. नाशिकच्या पंचवटीत सीतागुंफेत वाकून शिरणारा भाविकही दुसरे काय करतो? कथेचे स्थान पाहायला जाण्याची आपली परंपरा चित्रपटापेक्षा कितीतरी जुनी आहे. पंचवटीच्या त्या नाशकात फाळक्यांनी पुन्हा रामकथा चित्रित केली, यातही मला ही परंपरा दिसते.

चित्रपटाची स्थानपोथी मात्र आपण लिहिली नाही. नाशिकला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळक्यांचे स्मारक आहे, पुण्यात प्रभातच्या जागेवर चित्रपटशिक्षणाची संस्था उभी आहे. याच कर्जत मार्गावर पुढे, चौकजवळ, कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनी २००५ मध्ये स्टुडिओ उभारला. तिथले ऐतिहासिक महाल आणि किल्ले पाहायला लोक तिकीट काढून जात. देसाई यांचा २०२३ मध्ये तिथेच दुःखद अंत झाला. सेट टिकवण्याची किंमत काय असू शकते, याचा विचार त्या बातमीने अनेकांच्या मनात आणला असेल. दोन पावसाळ्यांत रया जाणाऱ्या प्लायवूडला स्मारक करणे सोपे नाही. पण वांगणीला टिकवायचा सेटच नव्हता. तिथे होती ती फक्त जमीन.

त्या रविवारी मी वांगणीला उतरलो तेव्हा ही जमीन शोधत होतो. फलाटावर मला हरिश्चंद्राची पाटी आढळली नाही. आढळले ते चालते-बोलते गाव. या गावात अनेक दृष्टिहीन कुटुंबे राहतात. त्यांतले कित्येक जण लोकलमध्ये किरकोळ वस्तू विकून संसार चालवतात. पांढरी काठी टेकत सराईतपणे जिना उतरणाऱ्या एका जोडप्याला मी वाट दिली. याच फलाटावर १७ एप्रिल २०२१ रोजी एका दृष्टिहीन आईचे मूल रुळांवर पडले आणि समोरून गाडी येत असताना पॉइंट्समन मयूर शेळके यांनी धावत जाऊन त्याला वर उचलले. स्टेशनच्या कॅमेऱ्याने टिपलेले ते काही क्षण साऱ्या देशाने पाहिले. त्या आधी, जुलै २०१९ मध्ये, महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली, तीही दृश्ये सर्वांनी पाहिली. चिता रचून मुलगा निजवला गेला ते वांगणीचे चित्रण हरवले किंवा अनिश्चित झाले; मूल वाचवले गेले ते चित्रण मात्र कुणी दिग्दर्शन न करता सर्वांपर्यंत पोहोचले. मी या दोहोंतून रूपक काढू इच्छित नाही. परंतु फलाटावर उभे असताना दोन्ही मुले एकदमच आठवली, हे नोंदवल्यावाचून राहवत नाही.

मान वर केली तर चंदेरीचा सुळका दिसतो. बेलवलीच्या बाजूनेही तो दिसतो, थोडा वेगळ्या कोनातून. गाव बदलते, झाडे जातात, इमारती येतात. डोंगराची कड शंभर-सव्वाशे वर्षांत सहसा बदलत नाही. उरलेल्या रिळांतल्या एखाद्या चौकटीत मागे क्षितिजाची रेषा असेल, तर ती या डोंगरांशी ताडून पाहता येईल. जुळली तर १९१३ की १९१७ या वादात एक लहानसा पुरावा मिळेल. न जुळली तर काहीच सिद्ध होणार नाही, कारण कॅमेरा दुसऱ्या दिशेला वळलेला असू शकतो. तरीही हे काम करण्याजोगे आहे, आणि त्यासाठी मोठे अनुदान लागत नाही. संग्रहालयातली चौकट, परतीचे तिकीट आणि चार रविवार पुरेत. आपल्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी ते करावे. स्थानपोथी लिहिणाऱ्यांनीही पायीच हिंडून विचारपूस केली होती.

परतीच्या गाडीत मला त्या पाटलाचे कौतुक वाटत राहिले. त्याचे नाव कुणी नोंदवलेले नाही. चित्रपट पुढे गिरगावात लागला, तेव्हा तो पाहायला तो गेला का, हेही कोणी लिहून ठेवलेले नाही. पण हरिश्चंद्राला पहिल्यांदा अडवून ‘तू कोण’ असे विचारणारा आणि उत्तर डोळ्यांनी पाहिल्यावर वाट मोकळी करणारा तोच होता. बदलापूर आले. फलाटावर मुंबईकडे तोंड करून गर्दी उभी होती.